उपाशी बाक

नाही हो, चहा नको मला — तुम्ही घ्या, निवांत घ्या. उपास कसला, पितृपक्षात माझा कुठला उपास? मी बाकावर आहे. म्हणजे बाकावर तुम्हीपण आहात, पण तुमचा नुसता बाक, माझा उपाशी बाक — काल रात्री जेवण झाल्यापासून पाण्याचा थेंबही नाही. तुम्हाला ऑपरेशनची तारीख कधीची दिली? बघू कागद. एकोणीस जानेवारी! हर्नियाच ना? डावा? माझा उजवा. घ्या, जोडी जमली.

रिपोर्ट काढलेत का? सगळे? हीच ती चूक — मीपण केली होती. रक्ताचा, छातीचा, सगळा रिपोर्ट महिनाभर चालतो, भाऊ. जानेवारीत याल तेव्हा सिस्टर म्हणतील, जुने झाले, नवे काढा. नवे हातात येईपर्यंत तारीख गेलेली, आणि तुम्ही यादीच्या शेपटाला. तारखेच्या पंधरा दिवस आधी काढायचे, त्याआधी नाही. लिहून ठेवा. मी सगळं लिहितो. सातवीपर्यंत शिकलो, पण एकवीस वर्षं झाली, एक दिवस डायरी चुकलेली नाही. इंदिरानगरला पिठाची गिरणी आहे माझी — कोणाला जाड लागतं, कोणाला मऊ, लाइट किती वाजता गेली, पाऊस किती झाला, सगळं. मग इथलंही लिहायला लागलो. कोणत्या वारी कोणते डॉक्टर, यादी आठवड्यात किती नावं सरकली. डॉक्टर चांगले आहेत हो, त्यांना नावं ठेवायची नाहीत. माणसंच जास्त, ते तरी काय करतील?

आणि लिहिता लिहिता काय सापडलं माहितेय? हे पंधरा दिवस! पितरांच्या पंधरवड्यात माणूस स्कूटर घेत नाही, साडी घेत नाही, तो पोट कशाला कापून घेईल? तारीख दिलेली असते चार महिने आधी, तेव्हा कोणी बघत नाही. मग घरात कोणीतरी भिंतीवरचं कॅलेंडर उलटतं, की लगेच इथं फोन — सिस्टर, ताप आलाय. एवढा ताप नाशकात वर्षभर येत नसेल, जेवढा ह्या पंधरा दिवसांत येतो! मग ती जागा कोणाला? जो बाकावर हजर असेल त्याला. कागद पूर्ण, पोट रिकामं, सोबत घरचं माणूस. झालं, तीनच गोष्टी. आज सिन्नरच्या एकाचा नंबर होता, त्याच्या वडिलांची तिथी निघाली. म्हणजे दहाच्या सुमारास एक जागा सुटणार, आणि पुढं नाव माझं. आमचा धंदाही आत्ता थंड — वड्याचं पीठ दळून झालं, उपासाची भाजणी अजून सुरू व्हायचीय. ह्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

तुम्ही आज मोकळे आहात का? नाही, सहज. तुमचं आडनाव काय म्हणालात? नाही जुळत, पण मावसभाऊ म्हटलं की चालतं, मावसभावांची आडनावं वेगळीच असतात. एक सही करायची आणि संध्याकाळपर्यंत इथं बसायचं. तसेही तुम्ही बसलेलेच आहात. मग जानेवारीत तुमच्यासाठी मी येतो, शब्द देतो.

बायको? आहे ना. उज्वला. ती गिरणीवर आहे, गिरणी बंद ठेवून कसं चालेल — हो, आत्ताच म्हणालो धंदा थंड आहे. बरोबर आहे तुमचं. लक्ष देऊन ऐकता हो तुम्ही.

तिला माहीत नाही. तिला सांगितलंय, चक्कीचा दगड गुळगुळीत झालाय, त्याला छिन्नीनं टाकी घालणारा माणूस शोधायला जातोय. कितवा दिवस? पाचवा. नाही, नाव पुकारलंच नाही असं नाही. मंगळवारी पुकारलं, तेव्हा मी खाली टपरीवर होतो. चहा पोटात गेला की सहा तास गेले, मग पुढच्याला घेतात. काल एक खारी खाल्ली. नाव पुकारायच्या आधी खाल्ली, नंतर नाही, एवढं मात्र खरं.

भीती? भीती कसली, अर्ध्या तासाचं काम. कमरेत सुई देतात, मग खालचं काही कळत नाही. काही म्हणजे काहीच. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत जागा मिळाली होती मला. आत नेलं, तो हिरवा झगा दिला, त्याच्या नाड्या मागून. त्या नाड्या मला बांधता येईनात. पोत्यांची तोंडं शिवण्यात जन्म गेला आणि दोन नाड्या बांधता येईनात. मग म्हटलं, लघवीला जाऊन येतो — आणि कपडे घालून, बाहेर सोबत बसलेल्या उज्वलाला घेऊन थेट घरी.

उज्वलाला काय सांगणार? म्हटलं, डॉक्टर म्हणाले गरज नाही. पट्टा लावा, जड उचलू नका, बस. तिला केवढा आनंद झाला! नवश्या गणपतीला जाऊन नारळ फोडून आली. आणि दुसऱ्या दिवसापासून पोती ती उचलते. पन्नास पन्नास किलोची. मी पुढं झालो की म्हणते, डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? वर्ष झालं. मागच्या आठवड्यात पोतं टेकवलं आणि तशीच वाकून राहिली — उठताच येईना तिला. गिऱ्हाईक उभं, मी उभा. आणि ही हसते! म्हणते, बरं झालं तुम्ही नाही उचललंत. त्या दिवशी पाऊस किती पडला तेसुद्धा डायरीत आहे. हे नाही.

गाठही आता पहिल्यासारखी आत जात नाही. परवा दुपारी वीस मिनिटं अडकली होती. डॉक्टरांनी बजावलंय, एकदा घट्ट अडकली की यादीही नाही आणि तारीखही नाही, मिळेल तिथं धावत जायचं. मग तेव्हा तिला कळणारच की. म्हणून म्हटलं, गुपचूप करून टाकू, दोन दिवस गावी, नामपूरला गेलो होतो म्हणून सांगू. आणि समजा नाहीच जमलं, परत पळालो — तर कोणाला कळणार नाही. खरं सांगायचं तर हेच. म्हणून सोबत कोणी नाही.

थांबा, मनीषा सिस्टर आल्या. ऐका — हो, माझंच. बसा हो गप्प, दोनदाच पुकारतात. मी जरा खाली जाऊन — अहो, हात का वर करताय? तुमचं नाव आहे का ते? खाली घ्या, खाली घ्या म्हणतो ना —

हो सिस्टर, मीच. सावळीराम बोरस्ते. नाही, काही नाही खाल्लं, पाणीसुद्धा नाही. सोबत? सोबत हे आहेत ना — सांगा की भाऊ. नाही म्हणून मान काय हलवता? एवढं सगळं ऐकून घेतलंत आणि मान हलवता?

पाच मिनिटं द्या, सिस्टर. घरचं माणूस बोलावतो. इंदिरानगरहून रिक्षानं असं येईल.

वाजतोय. चक्की चालू असली तर ऐकू जायचं नाही तिला… हॅलो. उज्वला, मी बोलतोय. नाही, टाकीवाला नाही मिळाला. तू आधी चक्की बंद कर. अगं, बंद कर, मग सांगतो. केलीस? आता खाली बस जरा.

भाऊ, तुम्ही पलीकडच्या बाकावर जाऊन बसता का?