उरलेला वेळ : पाच तास

नलिनी : (फोनवर) नाही रे आशय, पाचच तास. काल चार वाजता पाच, आज चार वाजताही पाच. आठ दिवस झाले, हा आकडा संपायचं नाव घेत नाही.

आशय : काकू, जरा शांतीने. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा ने.

नलिनी : काम चालू आहे. झालेला वेळ नऊ तास, उरलेला वेळ पाच तास. ते औषधांच्या शोधाचं गणित रे, घरोघरच्या संगणकांना वाटून देतात ते. कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून तुझ्या काकांना तोच नाद. "हातातलं एवढं पुरं होऊ दे, मग हॉस्पिटलात चलतो," म्हणून बसलेत. डॉक्टरांनी सोमवारीच खाट राखून ठेवली होती. आज रविवार!

आशय : कोपऱ्यातलं घड्याळ बराबर आहे? ते चुकलं की वेळ उलटसुलट दाखवतं.

नलिनी : तारीख पंचांगाशी ताडली, वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी. दोन्ही बरोबर.

आशय : तसा उरलेला वेळ म्हणजे नुसता अंदाज असतो, काकू. कधी कधी खोटाही निघतो.

नलिनी : त्यांची धाप खोटी नाही ना! रात्रभर उशीला टेकून बसतात. ओठ निळे पडलेत. काल मी पाण्याचा थेंब न घेता उपास धरला. म्हटलं देवा, एवढा आकडा उतरव. संध्याकाळी सातला दोन तासांवर आलाही होता रे. दिवा लावून, सहस्रनाम म्हणून उठते, तर पुन्हा चौदा!

आशय : थांबा, थांबा. दोनाचे चौदा? मधे लाइट गेली होती?

नलिनी : छे.

आशय : मग संगणक बंद पडला होता?

नलिनी : पडला नाही. मी करते ना बंद. पूजेपुरता. देव्हाऱ्याला लागूनच तो डबा, देवापुढे त्याची घरघर नको वाटते. सकाळी आणि दिवेलागणीला भिंतीवरचं बटण दाबते. झालं की आठवणीनं लावते हो परत.

आशय : रोज?

नलिनी : रोज. का रे?

आशय : काकू, काही कामं मधे जपून ठेवली जात नाहीत. हे त्यातलंच दिसतंय. एका दमात चौदा तास पाहिजेत. बंद केलं की पहिल्यापासून.

नलिनी : म्हणजे आठ दिवस मीच... देवाचं नाव घेत घेत मीच...

आशय : तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? रडू नका. मी प्रतापनगरहून गाडी काढतोय. काकांना सांगा, काम झालं.

नलिनी : खोटं बोलू? त्यांच्याशी? आज?

आशय : मग खरं सांगा. पण तयार करा त्यांना.

(ती फोन ठेवून आतल्या खोलीत जाते.)

नलिनी : अहो, ऐकता का? तुमचं काम संपत नव्हतं ना, ते माझ्यामुळे. दोन्ही वेळा मी बटण बंद करत होते. हवं तेवढं बोला मला, पण आज चला. पाया पडते.

जनार्दन : ठाऊक... आहे.

नलिनी : काय ठाऊक आहे?

जनार्दन : तीस वर्षं... रिफायनरीत मीटरं सांभाळली. आकडा मागे का जातो... मला कळत नाही? बटणाचा खटका... इथवर ऐकू येतो.

नलिनी : मग एका शब्दानं बोलला का नाहीत?

जनार्दन : तू बंद करायचीस... मला बरं वाटायचं. आणखी एक दिवस... घरी. शेजारचे भास्करराव त्याच वॉर्डात गेले... आलेच नाहीत.

नलिनी : आणि मी इथे उपाशी, आकडा उतरावा म्हणून!

जनार्दन : नलू... रागावलीस?

नलिनी : पाय पुढे करा. मोजे घालते. तिथे गार असतं.