‘म’पर्यंतची सूची

सर : अगं, अर्जावरची खूण चुकलीये तुझी. ‘वर्गावर शिकवणे’च्या चौकटीत केलीयेस.

विद्यार्थिनी : चुकली नाही, सर. तिथेच करायची होती. तुमची सही राहिलीये फक्त. पाचला ऑफिस बंद होतं.

सर : आणि माझ्या पुस्तकाची सूची? आत्ता कुठे ‘म’पर्यंत आलीयेस!

विद्यार्थिनी : तीन वर्षं तेच करतेय. माझ्या पीएचडीपेक्षा तिचीच पानं जास्त झाली.

सर : ‘संशोधन साहाय्यक’! बायोडेटात केवढं वजन पडतं त्याचं.

विद्यार्थिनी : पडलं ना. गेल्या महिन्यात प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत. दहा मिनिटं शिकवून दाखवा म्हणाले. दहाही मिनिटं मी फळ्याशीच बोलले.

सर : अरेरे. मग माझं नाव सांगायचंस की.

विद्यार्थिनी : सांगितलं. म्हणाले, सूची करायची झाली तर तुम्हालाच बोलावू. सध्या शिकवणारं माणूस हवंय.

सर : आगाऊ लेकाचे!

विद्यार्थिनी : शेजारच्या केबिनमधल्या मॅडमच्या दोघीही विद्यार्थिनी नोकरीला लागल्या, सर. त्या पहिल्याच वर्षी वर्ग देतात मुलींना.

सर : त्यांना स्वतःला सकाळी आठचा तास घ्यायचा कंटाळा, म्हणून देतात!

विद्यार्थिनी : असेल. तुमचे किती जण लागले?

सर : माझ्याकडची माणसं अभ्यासू असतात.

विद्यार्थिनी : हो ना. अजून अभ्यासच करतायत.

सर : जीभ फार चालायला लागलीये हं तुझी!

विद्यार्थिनी : वर्गात चालते का, तेवढंच बघायचंय.

सर : आणि दोन वर्षांची पोर घरी आहे, तिचं काय? तुलाही आठचाच तास मिळणार, म्हणजे सातला निघायला हवं.

विद्यार्थिनी : तिचा बाबा आहे. त्यालाही अनुभव नको का? …खरं सांगू, सर? भीती मलाही वाटते. साठ मुलं समोर, आणि घरी ही उठली असेल का, दूध प्यायली असेल का. पण फेलोशिपचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या मुलाखतीतही तसंच झालं, तर मला कोण विचारणार?

सर : (चष्मा शोधत) पेन दे इकडे. …सूचीचं काय मग?

विद्यार्थिनी : ‘म’नंतर फारसं उरलं नाहीये. जमेल तुम्हाला.

सर : हं. घे, केली सही. पण पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर येऊन बसणार.

विद्यार्थिनी : तपासायला?

सर : नाही गं. शिकवणाऱ्याकडे मुलं कशी बघतात, ते बघून मला फार वर्षं झाली.