दोरा कावून तोडती

माझं माहेर बी सिरसाळा आन् सासर बी सिरसाळाच, मधी दोन गल्ल्या, त्यामुळं मला कुठं गेल्यावानी वाटलंच न्हाई कधी. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शिलाई मशीन दुरुस्त करायचे, धारूरच्या बाजाराला जायचे, परळीला जायचे, पिशवीत पाने, तेलाची कुपी आन् सुया. शिक्षण चौथी, पण आमच्या बोलण्यावर लई कडक माणूस. मी म्हणायची, अण्णा, मला बाजाराला कावून न्हेत न्हाई, की लगेच म्हणायचे, कावून न्हाई, का म्हण. मी म्हणायची, का कावून? मंग बसायचा धपाटा.

काय सांगू तुमाला, गावात सगळेच कावून म्हणत्यात, पाटील बी म्हणतो. पण अण्णांचं म्हणणं, त्यानं म्हणलं तर चालतं, आपण जयभीमवाले, आपण म्हणलं की लोकांना अडाणी म्हणायला निमित्त मिळतं. त्यांनी ते लई सोसलेलं. म्हणून मी शिकले, अंबाजोगाईला डी.एड. केलं, नोकरी काय लागली न्हाई, बाकीची बोली बी ऱ्हायली तशीच, पण कावून तेवढं तोंडातून गेलं ते गेलंच.

तर मिस्टर परळीला वीज केंद्राच्या राखेच्या कामावर होते, कंत्राटी, ते काम सुटलं. म्हणाले, चाकणला जाऊ, मित्रानं खोली बघितलीय, समदेच जाऊ. आन् अण्णा? अण्णा आमच्याच घरी, मला भाऊ न्हाई, आई गेलेली, ते म्हणत्यात मी गाव सोडत न्हाई. मी म्हणलं, शाळा उघडंपर्यंत थांबा, माझी साईट चालती का बघू, न्हाई चालली तर पोरीचा दाखला काढू आन् जाऊ.

साईट म्हणजे इंटरनेटवरची, शिलाई मशीनच्या बिघाडाची. अण्णा खाटंवर बसून सांगायचे, मी मोबाईलवर लिवायची. बाईनं ते वाचून तिथूनच सुई, बॉबिन, बॉबिनची डबी मागवली की आपण दुकानातून आणून पार्सल करायचं, त्यावर आपल्याला कमिशन. पण गोम अशी हाय की लोक काय शब्द टाकून शोधत्यात ते धरावं लागतं, त्याला कीवर्ड म्हणत्यात, आन् तो धरता आला न्हाई तर तुमी कितीबी चांगलं लिवा, कुणी येत न्हाई. मी आधी नुसतं शिलाई मशीन धरलं, तिथं मोठमोठ्या दुकानवाल्यांच्या साईटी मांडी घालून बसलेल्या. मंग मोफत शिलाई मशीन योजना धरलं. बाई गं! जत्राच की. पण घेतंय कोण? फोनवर फोन, ताई, मशीन कधी मिळणार, ताई, फॉर्म कुठं भरायचा. मिस्टर म्हणाले, तू काय मंत्री हायस का? काढलं ते.

आन् तिकडं दिवस सरायले. साईटीच्या मागच्या बाजूला दिसतं कोण काय विचारून आलं ते, मी भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं बघायची. एक दिवस तिथं दिसलं, मशीन दोरा कावून तोडती. मी तवा खाली उतरवला. बाया टाईप कुठं करत्यात, त्या फोनात बोलत्यात, आन् बोलत्यात तर आपल्यावानीच बोलणार ना? शोधून बघितलं तर कावून म्हणून कुणीच लिवलेलं न्हाई. समदी जागा मोकळी.

आता लिवायचं का न्हाई? मिस्टर म्हणाले, पोरीला आपण शुद्ध बोलायला लावतो आन् तू जगाला दाखवून कावून लिवणार? मी दोन दिवस घरात नुसती आतबाहेर केली. मंग लिवलंच. मशीन दोरा कावून तोडती, टाका कावून सुटतो, मशीन जड कावून चालती. अण्णांना सांगितलं तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मशीनचं सांगायचं बी बंद केलं. त्यापेक्षा धपाटा परवडला असता.

पण बाया यायला लागल्या, आन् आलेल्या बाया घ्यायच्या बी, कारण त्यांची मशीन अडलेली. एकदा धारूरकडच्या बाईचा फोन आला, मी कणीक मळायले म्हणून फोन स्पीकरवर. ती म्हणली, ताई, तुमी आमच्यावानी लिवलंय म्हणून फोन करायचा धीर झाला, दुसरीकडं बोलायची लाज वाटती, तर मी नवी सुई बसवली पण दोरा आता बी कावून तुटायलाय? मी तोंड उघडायच्या आत खाटंवरून अण्णा म्हणाले, सुई उलटी बसवलीय बाई तुमी, म्हणून तुटायलाय, काढा आन् फिरवून बसवा. तिनं फिरवली. पलीकडून मशीनचा आवाज आला, अण्णा मान वाकडी करून ऐकत होते.

शाळा उघडली, पोरगी हितल्याच शाळंत गेली. मिस्टर पार्सलं बांधत्यात, चाकणच्या खोलीचं नाव काढत न्हाईत. माझा जीव अजून बी थाऱ्यावर न्हाई, उद्या एखाद्या मोठ्यानं हाच शब्द उचलला तर काय, म्हणून उठले की आधी मोबाईल बघते, मंग चूल. होईल ते होईल. तुमच्या बी घरची मशीन धड चालू द्या, एवढंच म्हणते. अण्णा आता चहा घेता घेता रोज इचारत्यात, आज कावूनवर किती बाया आल्या गं?

आन् म्हणताना दबकत न्हाईत.