शहापूरची गाडी का खोकत होती?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य माननीय इश्वर लांजेवार साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून शहापूरहून मुद्दाम आलेले राईस मिलचे मालक श्री. अमरभाऊ गभणे, त्यांच्या मातोश्री आदरणीय धुरपताबाई, आजचे सत्कारमूर्ती आमचे हेमराज कापगते सर, सरांच्या सौभाग्यवती उषाताई, माझे सहकारी, आणि कार्यशाळेतून हात पुसत पुसत थेट सभागृहात येऊन बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना हर्षा हटवारचा नमस्कार.

सरांच्या सेवेचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केला आहे. तो सगळा खरा आहे. पण मोटार मेकॅनिकची निदेशक म्हणून मी सरांसोबत एकाच कार्यशाळेत काम केलं, आणि मला विचाराल तर या माणसाला खरं ओळखायचं असेल तर बिघडलेल्या इंजिनासमोर उभं असताना पाहावं. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं मी एकच प्रसंग सांगते. मागच्या वर्षीचा. त्यातली, सरांशिवाय, आणखी दोन माणसं व्यासपीठावरच बसली आहेत, तेव्हा मला फार तिखटमीठ लावता येणार नाही.

अमरभाऊंचे वडील दादाजी गभणे यांनी फार वर्षांपूर्वी नागपूरला एका लिलावातून एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती. दोनच दरवाजे, लांबलचक बॉनेट आणि आत आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. तिकडे अशा गाडीला मसल कार म्हणतात, म्हणजे पहिलवान गाडी. शहापुरात तिला सगळे नुसतं ‘दादाजीची गाडी’ म्हणत. या गाडीवर दादाजींनी कुणाला चालवायला शिकवलं असेल? आपल्या बायकोला. मिलच्या पटांगणात, वाळत घातलेल्या धानाच्या बाजूबाजूनं. नणंदेला सोडायला धुरपताबाई ती गाडी घेऊन नदीच्या पुलावरून पार कारधा गावापर्यंत गेल्या होत्या. त्या काळात! (टाळ्या वाजवा, त्या लाजणार नाहीत.)

दादाजी गेले. गाडी अमरभाऊंनी जिवापाड सांभाळली. पण मागच्या वर्षी ती बिघडली. उभ्या उभ्या थरथरायची, इंजिन एका लयीत चालायचंच नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून, पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून फाट्‌ करून आवाज. मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडून जायची. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हात लावला. एकानं प्लग बदलले, एकानं वायरी. शेवटी एकानं सल्ला दिला, हे इंजिन काढा, भंगारात द्या, मी चांगलं डिझेल इंजिन बसवून देतो. अमरभाऊ कंटाळले होते. त्यांनी हो म्हटलं.

धुरपताबाईंनी नाही म्हटलं. घरात बोलणं बंद होण्यापर्यंत वेळ आली. अमरभाऊ आमच्याकडे आले ते यासाठी, की कुणीतरी जाणत्या माणसानं आईला समजवावं, इंजिन संपलं म्हणून. सर म्हणाले, “संपलं का नाही, थे पहिले पाहू द्या ना.”

रविवारी सकाळी आम्ही शहापूरला गेलो. गाडी सुरू केली. थरथर आणि फाट्‌! मी म्हटलं, “सर, आवाज कार्बोरेटरमधून येते, बिघाड तिथंच असंन.”

सर म्हणाले, “तोंडातून खोकला येते म्हणून दुखणं तोंडातच असते का? पण खोल तू. पाहून घेऊ.”

मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. ठिणगी वेळेवर पडते का, ते टायमिंग तपासलं. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या वायरी क्रमानं आहेत की नाही, ते पाहिलं. सगळं जागेवर. गाडी सुरू केली. फाट्‌! मिलमधले हमाल हसायला लागले.

मग सरांनी काय केलं? इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर काढली की इंजिन आणखी लटपटायचं, म्हणजे तो सिलिंडर काम करतो आहे. एका सिलिंडरची वायर काढली आणि काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो सिलिंडर कामच करत नव्हता. चोर सापडला असं मला वाटलं. पण त्या प्लगला ठिणगी होती. कॉम्प्रेशन मोजलं, तेही बाकीच्या सातांइतकंच. आग आहे, दाब आहे, पेट्रोल आहे, मग सिलिंडर गप्प का?

विद्यार्थ्यांनो, तुम्ही काय केलं असतं? मी तर खरं सांगते, गोंधळले. सरांनी तपासलेलं सगळं बोटांवर पुन्हा मोजलं. मग म्हणाले, “हर्षा, आत येणारं सगळं आपण मोजलं. बाहेर जाणारं जाऊन राहिलं का, थे कुठं पाहिलं?”

आम्ही झडपांवरचं झाकण काढलं आणि इंजिन हळूहळू फिरवलं. झडपा दाबणारे सगळे रॉकर वरखाली होत होते, जसे व्हायला हवेत. त्या सिलिंडरचा एक मात्र नुसता हलल्यासारखा करायचा. जळालेला धूर बाहेर सोडणारी झडप उघडतच नव्हती. धूर आत कोंडायचा, आणि पेट्रोल घेणारी झडप उघडली की तिच्यातून उलटा कार्बोरेटरकडे यायचा. तो फाट्‌ आवाज त्याचा होता. झडपा उघडणारा फिरता दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; त्याच्यावरचा ती झडप उचलणारा उंचवटा, म्हणजे कॅम, झिजून गोल झाला होता.

मी खूश झाले. सर नाही झाले. त्यांना आणखी एक प्रश्न पडला होता. इतकी वर्षं टिकलेला कॅम अचानक झिजला काहून?

त्यांनी धुरपताबाईंनाच विचारलं, “काकू, हे केव्हापासून सुरू झालं?”

“यानं नवं तेल टाकलं, तवापासून,” बाई म्हणाल्या. “मी सांगून राहिली होती, तुये बाबा ट्रॅक्टरचं तेल टाकत होते, तेच टाक. पण त्याले वाटे बाप कंजूस होता.”

अमरभाऊ म्हणाले, “माय, मी सगळ्यात महागाचं तेल आणलं होतं. आजकालच्या गाड्यांचं.”

सर हळूच म्हणाले, “तेल चांगलंच होतं, अमरभाऊ. पण जुन्या इंजिनात कॅम घासत चालते. त्याले जपणारं जस्त तेलात लागते. नव्या गाड्यांच्या तेलात थे कमी केलं आहे. ट्रॅक्टरच्या तेलात असते. तुमच्या वडिलांले माहीत असंन.”

अमरभाऊ खाली बसले. गाडीच्या चाकाशी, जमिनीवर. “म्हणजे मीच मारली न बाबांची गाडी,” म्हणाले. धुरपताबाई त्यांच्याजवळ गेल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मारली कुठं बाबू? आजारी पाडली. अना माया करता करताच पाडली. ऊठ, डागदर आले आहेत, त्यायले च्या पाज.” कितीतरी दिवसांनी मायलेक एकमेकांशी बोलत होते.

डिझेल इंजिनवाल्याला अमरभाऊंनी तिथूनच फोन करून नको म्हटलं. नवा कॅमशाफ्ट परदेशातून यायला सगळा पावसाळा गेला. सरांनी आणि मी तो मिलच्या शेडमध्येच बसवला. तेल अमरभाऊंनी स्वतः ओतलं. कुठलं, ते सांगायला नको.

इंजिन सुरू झालं. नवा कॅम रुळेपर्यंत सरांनी ते मंद होऊ दिलं नाही, घड्याळाकडे पाहत उभे राहिले. मग ॲक्सिलरेटर सोडला. इंजिनाचा वेग खाली आला आणि तिथं ठरला. एका लयीत. बॉनेटवर स्टीलच्या गिलासात पाणी ठेवलं असतं तर सांडलं नसतं.

सर दरवाजा उघडून म्हणाले, “काकू, बसा.”

बाईंनी पदर खोचला, सीट पुढं ओढायला लावली आणि मिलच्या पटांगणाला एक मोठा फेरा मारला. शेजारच्या सीटवर अमरभाऊ होते. एका हातानं त्यांनी दरवाजा घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते. गाडी थांबली तरी धुरपताबाईंनी इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान किंचित झुकवून त्या ऐकत बसल्या. मी इंजिन बंद करायला पुढं जायला लागले, तर सरांनी मला अडवलं. म्हणाले, “राहू दे. चालू दे तिले.” आणि ज्या माणसाला मी कुठल्याही इंजिनापाशी प्रश्न विचारल्याशिवाय उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, तो माणूस पाठ फिरवून चुपचाप हत्यारं पुसत बसला.

सर, तुम्ही उद्यापासून कार्यशाळेत नसाल. विचारायचं आम्ही तुमच्याकडून शिकलो, थोडंफार. थांबायचं कधी, ते अजून शिकायचं राहिलं आहे. म्हणून घरी येत राहू, उषाताईंनी चहाची तयारी ठेवावी.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल प्राचार्य साहेबांचे, घरातली गोष्ट इथं सांगू दिल्याबद्दल अमरभाऊ आणि धुरपताबाईंचे, आणि इतका वेळ शांत बसल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, काही कमीजास्त बोलले असेन, तर आपली समजून सांभाळून घ्या. आणि इंजिनाबद्दल काही चुकलं असेल तर सर इथंच बसले आहेत. ते मला आज सोडणार नाहीत, याची मला खात्री आहे.

नमस्कार.