बांगड्या काढायच्या म्हणजे

आमच्या सासूबाईंचं बीपी अगदी त्यांच्यासारखंच आहे, चढलं की लवकर उतरत नाही. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, "गोळी बंद करायची नाही, पण हाताच्या मसाजनं बरं वाटत असेल तर खुशाल घ्या." म्हणून मी त्यांना प्रताप नगरातल्या एका मसाजवाल्या मुलीकडे नेलं.

ती गोड आवाजात म्हणाली, "काकू, मनगट दाबायचं आहे. बांगड्या काढता का?"

झालं! सासूबाई कडाडल्या, "काहून काढू वं? माहा नवरा जिता हाये!"

हात न दाबताच आम्ही घरी परत.

दुसऱ्या दिवशी बघते तर सासूबाई स्वतःच तयार, आणि सोबत इस्त्रीच्या शर्टात सासरे.

"बाबांना काहून नेता?" मी विचारलं.

"समोर बसतीन. जिते दिसून राहिले म्हंजे बांगड्या काढायले मले भेव नाही."

सासरे समोर बसले, तेव्हा कुठे बांगड्या निघाल्या. तेल लागलं, बासरी लागली. सासूबाईंचा चेहरा कसा सैल पडला होता! सहज त्यांनी एक डोळा उघडला, तर समोर सासऱ्यांनी झोपेत मान टाकलेली.

"अहो, उठा! माहे हात मोकळे हायेत अन् तुम्ही डोळे काय मिटता!"

आता दर मंगळवारी दोघं जोडीनं जातात. बीपीचं डॉक्टर बघतील, पण सासूबाई खूश आहेत. मसाज घेताना डोळे मिटूनच मधूनमधून विचारतात, "आहात ना?"

खुर्चीतून पेंगुळलेलं उत्तर येतं, "हाव ना वं. दाबू दे तिले."