टायरात सापडलेली नोक

चहा घ्या, मग सांगतो. मिल बंद पडल्यावर मी मल्हारगंजात पंक्चरचं दुकान टाकलं होतं. एकदा एका विदेशी गाडीचा ड्रायव्हर आला. म्हणाला, "भिया, मीटर में टायर की बत्ती जल रही है, देखो तो."

चारही टायरांवर साबणाचं पाणी फिरवलं. मागच्याला बुडबुडे आले. पकडीने ओढलं तर निघाली धोट्याची लोखंडी नोक. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो ना, तो धोटा. वीस वर्षं हाताळलेला, ओळखणार नाही का?

शेजारी किसनजी बसले होते, माझ्याच खात्यातले. मिल पुन्हा उघडेल म्हणून बिचारे रोज सकाळी फाटकाशी जाऊन थांबायचे. त्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावली होती?"

"मिल के अंदर, काका. सेठ ने भंगार का ठेका लिया है. महीने भर से मशीनें तोड़ रहे हैं."

"फाटकाला तर ताला आहे."

"पीछे से जाते हैं."

ड्रायव्हर गेला. किसनजींनी नोक पुसली, माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाले, "आता रोज सकाळी घरून निघून जायचं तरी कुठे?"