रेकॉर्डिंगमध्ये नसलेला बेंजो

पिरंगुटच्या स्टॉपवर माझ्यामागं बँडमधले दोघं उभे होते. बेंजो वाजवणारे बहिरूकाका आणि मिक्सरवर बसणारा शेखर.

"शेखर, कालच्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. माझा बेंजोच न्हाई त्यात!"

"वायर लूज आसंल, काका."

"आरं, माझ्या म्होरच्या स्पीकरातनं तर खणखणीत येत व्हता की!"

"त्यो स्पीकर फकस्त तुमच्यासाठी हाय. रेकॉर्डिंगमदी लोकांच्या स्पीकरला जातं तेवढंच येतं."

"म्हंजी लोकांना मी ऐकूच जात न्हाई? कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन हे तू मला आत्ता सांगतुया?"

"आनंदादादा म्हनले, बहिरूची बोटं अडखळत्यात, त्याचा आवाज झिरोवर ठेव, पन त्याला कळू देऊ नगं."

"माझा सख्खा भाऊ आसं म्हनला?"

"व्हय."

"थांब, थांब. उरवड्याच्या लग्नात माझ्या सोलोला टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. त्या कुनाला?"

"विकी कीबोर्डवर तेच वाजवत व्हता, काका."

"आयला!"

"काका, बसा जरा हितं."

"आरं, त्या टाळ्या ऐकून मी घरी सांगितलं रं, बोटं सुधारली म्हनून."